शरण आणि शरणागती : फादर वॉल्टर सिझेक यांची दोन पुस्तके

आपल्याकडे कुणाच्या घरी मयत झाली, की अंगणात जमलेल्या माणसांपैकी एखादे वयस्कर गृहस्थ सुस्कारा सोडून ‘देवाची मर्जी’ एवढेच म्हणतात आणि बाकीचे माना हलवितात. त्या शब्दांपुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. बहुधा ते उच्चारण्यामागचा हेतूही तोच असतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या आळीत एका तरुण स्त्रीचा नवरा अकस्मात गेला. तिच्या दारी मीही हेच दोन शब्द बोललो. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, पण ‘तुम्हांला कसे ठाऊक?’ हा प्रश्न स्पष्ट होता. उत्तर माझ्यापाशी नव्हते.

घरी आल्यावर मी त्या शब्दाचाच विचार करीत राहिलो. ‘मर्जी’ हा शब्द आपण अरबी-फारसीतून घेतला आणि त्याच्याबरोबर दरबारची हवाही घेतली. मर्जी राखावी लागते, मर्जी फिरते, मर्जी खप्पा होते; मर्जीतल्या माणसाचे भाग्य उजळते आणि मर्जीतून उतरलेल्याची धडगत नसते. मर्जीला कारण विचारावयाचे नसते. ‘इच्छा’ या शब्दाचे तसे नाही. इच्छेला हेतू असतो आणि इच्छेमागे कुणीतरी ओळखीचे असते. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज पित्याच्या इच्छेविषयी बोलतो आणि मयताच्या अंगणात मात्र सुलतानाच्या मर्जीविषयी. हा केवळ शब्दांचा घोळ आहे, असे मला वाटत नाही.

‘शरण’ या शब्दाची गतही अशीच आहे. मूळ संस्कृतात शरणागती म्हणजे आश्रयाला येणे. आजच्या मराठीत मात्र भक्त देवाला ‘शरण जातो’ आणि हरलेला सेनापती ‘शरणागती पत्करतो’. एकाच कुळातले हे दोन शब्द आता परस्परांकडे पाठ करून उभे आहेत. पहिल्यात माणूस स्वतःच्या पायांनी चालत जातो. दुसऱ्यात त्याला आणले जाते. देवाच्या इच्छेला वाहून घेणे म्हणजे या दोहोंपैकी नेमके काय, या प्रश्नाशी एक अमेरिकन येशूसंघी धर्मगुरू एका रशियन तुरुंगात अनेक वर्षे झुंजत राहिले. त्यांचे नाव फादर वॉल्टर सिझेक. त्यांनी आपल्या त्या आयुष्याची कथा दोनदा लिहिली. ‘विथ गॉड इन रशिया’ हे पहिले पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले आणि ‘ही लीडेथ मी’ हे दुसरे १९७३ साली. दोन्ही पुस्तकांना लेखनसाह्य एकाच येशूसंघी बंधूचे, फादर डॅनियल फ्लॅहर्टी यांचे. तेच आयुष्य, तीच ठिकाणे, तेच तुरुंग. तरीही दोन अगदी वेगळी पुस्तके. एका माणसाला एकच कथा दोनदा का सांगावी लागावी, येथून आपल्या विचाराला सुरुवात करणे सोयीचे होईल.

आधी कथा थोडक्यात. सिझेक यांचा जन्म १९०४ सालचा, पेनसिल्व्हेनियातील शेनन्डोआ या कोळशाच्या खाणींच्या गावी, पोलंडहून आलेल्या कुटुंबात. मुलगा व्रात्य, मारामाऱ्या करणारा. इतका, की एकदा वडिलांनी त्याला स्वतः पोलीसचौकीत नेऊन ‘याला सुधारगृहात धाडा’ अशी विनंती केली होती. असा हा मुलगा १९२८ साली येशूसंघात दाखल झाला. रशियात सेवा करावयास कोण तयार आहे, अशी पोप अकरावे पायस यांची हाक १९२९ साली नवशिष्यालयात वाचून दाखविण्यात आली आणि ती आपल्यासाठीच आहे, असे या तरुणाने ठरवून टाकले. पुढे रोममध्ये शिक्षण, पौर्वात्य विधीचा अभ्यास, १९३७ साली गुरुदीक्षा, आणि १९३८ साली पूर्व पोलंडमधील आल्बर्टिन येथे नेमणूक. दुसऱ्याच वर्षी युद्ध सुरू झाले, पोलंडचा तो भाग सोव्हिएत सैन्याने घेतला आणि तेथील मिशनकार्य मोडले. मग १९४० साली खोट्या नावाने, मजुरांच्या गाडीतून, फादर सिझेक आपल्या एका सोबत्यासह उरल पर्वताच्या परिसरात लाकडांच्या वखारीवर कामाला गेले. हेतू हा, की कामगारांत राहून गुप्तपणे धर्मकार्य करावे. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केले आणि त्यांना जर्मन हेर म्हणून अटक झाली. पाच वर्षे मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात, त्यांतील बहुतेक काळ एकांतकोठडीत. १९४२ साली पंधरा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा. १९४६ पासून सायबेरियाच्या उत्तर टोकाला, दुदिन्का आणि नोरील्स्क येथील छावण्या. १९५५ साली सुटका. पण सुटका म्हणजे देशाबाहेर जाण्याची मुभा नव्हे. नोरील्स्क, क्रास्नोयार्स्क आणि शेवटी आबाकान येथे मोटारी दुरुस्त करणारा कारागीर म्हणून मुक्काम. दरम्यान १९४७ साली येशूसंघाने त्यांना मृत धरून त्यांच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून मिस्सा अर्पण केल्या होत्या. १२ ऑक्टोबर १९६३ रोजी, दोन सोव्हिएत हेरांच्या बदल्यात, आणखी एका अमेरिकन तरुणासह ते मायदेशी परतले. ८ डिसेंबर १९८४ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

एवढी सामग्री हाती असताना पहिले पुस्तक वाचनीय होणार, यात नवल नाही. ते एका बैठकीत वाचून होते. रेल्वेच्या डब्यातील थंडी, भाकरीच्या तुकड्यावरून होणारी मारामारी, रात्रीच्या चौकश्या, कोळशाच्या राशी, छावणीतील चोरांच्या टोळ्या हे सारे त्यात जिवंत आहे. पात्रे येतात आणि आपापल्या आवाजांत बोलून जातात. पण त्या पुस्तकात एक पोकळी आहे, आणि ती वाचकाला पहिल्यांदा जाणवत नाही. माणूस टिकला कसा, हे त्यात कळत नाही. शरीर टिकले, हे दिसते. आत काय घडले, ते घटनांच्या गतीत वाहून जाते. दुसऱ्या पुस्तकाच्या प्रारंभी फादर सिझेक स्वतःच ही कबुली देतात. परत आल्यावर जो तो त्यांना एकच प्रश्न विचारी : ‘तुम्ही तग कसा धरला?’ आणि ते एकच उत्तर देत : ईश्वरी योजना. ऐकणाऱ्याचे समाधान होत नसे. पहिले पुस्तक लोकांना हवे होते म्हणून लिहिले, स्वतःला लिहावयाचे होते ते वेगळेच, असे ते मोकळेपणी सांगतात. नऊ वर्षांनी आलेले दुसरे पुस्तक म्हणजे त्या ‘ईश्वरी योजना’ या दोन शब्दांचा विस्तार आहे. ते दोन शब्द आपल्या ‘देवाच्या मर्जी’इतकेच सहज उच्चारता आले असते. हा माणूस ते उच्चारून थांबला नाही, त्यांचा हिशेब द्यावयास बसला.

त्या हिशेबातील सर्वांत महत्त्वाची नोंद नामुष्कीची आहे. लुब्यांकातील चौकशी वर्षभर चालली. आपण धर्मगुरू आहोत, हेर नाही, हे फादर सिझेक परोपरीने सांगत राहिले. शेवटी चौकशी अधिकाऱ्याने तयार कागदपत्रांचा गठ्ठा समोर ठेवला : सही कर, नाहीतर मर. आणि त्यांनी सही केली. एका पानावर नव्हे, पानामागून पानावर. पहिल्या पुस्तकात हा प्रसंग इतर अनेक प्रसंगांच्या रांगेत येतो आणि जातो. दुसऱ्या पुस्तकात लेखक तेथे थांबतो. कोठडीत परतल्यावर स्वतःची जी घृणा वाटली, ती तो लपवीत नाही. हुतात्म्यांच्या कथा वाचून वाढलेला, लहानपणी आपण सगळ्यांत दणकट आहोत हे दाखविण्यासाठी धडपडणारा, नवशिष्यालयात इतरांहून कडक उपवास करणारा हा माणूस. आपण कुणापुढे वाकणार नाही, अशी त्याची समजूत होती, आणि ती समजूत तो श्रद्धा या नावाने ओळखत होता.

मला या पुस्तकाचा मर्मबिंदू येथे सापडतो. फादर सिझेक त्या नामुष्कीची चिरफाड करतात, तेव्हा दोष चौकशी अधिकाऱ्यावर टाकत नाहीत, उपासमारीवर टाकत नाहीत, भीतीवरही फारसा टाकत नाहीत. ते म्हणतात (मी त्यांचा आशय माझ्या शब्दांत देत आहे) की मी पवित्र आत्म्याकडे साह्य मागितले खरे, पण मला हवे होते ते माझ्याच लढाईत मिळणारे साह्य. विजय माझा, आखणी माझी; देवाने फक्त बळ पुरवावे. सही करताना देव मदतीला आला नाही, म्हणून आधी त्यांना देवाचा राग आला. नंतर कळले, की ते देवाकडे गेलेच नव्हते. आपल्यापैकी कितीजणांच्या नवस-नोव्हेनांचा हा नेमका आराखडा आहे, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या अखेरीस आत्मसमर्पणाची एक छोटी प्रार्थना आहे. त्या प्रार्थनेत साधक आपले स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि इच्छाशक्ती देवाच्या हवाली करतो. प्रत्येक येशूसंघी ती पाठ म्हणतो. फादर सिझेक यांनीही ती शेकडो वेळा म्हटली असेल. आता लुब्यांकातील ते टेबल डोळ्यांपुढे आणावे. चौकशी अधिकाऱ्याला काय हवे होते? कैद्याचे स्वातंत्र्य त्याने आधीच घेतले होते. त्याला हवी होती स्मृती : जन्मापासूनची सगळी हकीकत, पुनःपुन्हा, मनाजोगती होईपर्यंत. त्याला हवी होती बुद्धी : तू हेर आहेस, हे तू मान्य कर. आणि शेवटी इच्छाशक्ती : सही. जे देवाला अर्पण करण्याचे व्रत घेतले होते, नेमके तेच एक माणूस हिसकावून मागत होता. लेखकाने ही तुलना केलेली नाही. ती माझी आहे. परंतु ती मनात आल्यापासून मला त्या प्रार्थनेचे वजन वेगळे भासू लागले. समर्पण आणि सक्तीची शरणागती यांची मागणी सारखीच असते. मागणारा कोण, एवढाच फरक. आणि तो एवढासा नव्हे.

सही करून प्रकरण संपले नाही. शिक्षा ठोठावल्यानंतरही त्यांना आणखी चार वर्षे लुब्यांकातच ठेवण्यात आले, कारण अधिकाऱ्यांना आता त्यांचा उपयोग करून घ्यावयाचा होता. या प्रकरणाला त्यांनी शुद्धिस्थानातील चार वर्षे, अशा अर्थाचे नाव दिले आहे. तऱ्हेतऱ्हेचे प्रस्ताव पुढे येत राहिले. रोमला जाऊन सोव्हिएत सत्तेसाठी काम करावे, हा त्यांतला एक. एकदा सही केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणण्याचे बळ कुठून येणार? ते टाळाटाळ करीत राहिले, होय-नाहीच्या मध्ये लोंबकळत राहिले, आणि एके दिवशी कोठडीत अशी वेळ आली, की आशाच संपली. त्या काळोखात क्षणभर देवही दिसेनासा झाला, असे ते लिहितात. एका धर्मगुरूने हे छापील पुस्तकात लिहावे, याला धैर्य लागते. त्या अवस्थेत त्यांना आठवली ती गेथसेमनीची बाग.

गेथसेमनीविषयी आपण प्रायश्चित्तकाळात इतकी प्रवचने ऐकतो, की तो प्रसंग आपल्याला गुळगुळीत वाटू लागतो. फादर सिझेक यांना तेथे जे दिसले, ते असे : प्रभूला भय वाटले होते. त्याने प्याला टळावा अशी विनंती केली होती, एकदा नव्हे, पुनःपुन्हा. म्हणजे स्वतःची इच्छा नसणे हे काही समर्पणाचे लक्षण नव्हे. आपली इच्छा पित्यासमोर उघडपणे मांडून, मग ती त्याच्या हातात ठेवणे, हा त्या प्रार्थनेचा क्रम आहे. येशूने गेथसेमनीत काही ‘पत्करले’ नाही. तो उठला आणि पकडावयास आलेल्यांना स्वतः सामोरा गेला. शरण जाणारा माणूस चालतो, असे मी वर म्हटले ते याच अर्थाने.

त्यानंतर जे घडले, ते सांगताना लेखकाची भाषा कमालीची साधी होते. त्यांनी स्वतःला देवाच्या हाती सोडून दिले. हा निर्णय आपण घेतला, असेही त्यांना धड म्हणता येत नाही. मात्र परिणाम उघड होता. पुढच्या वेळी सहकार्याच्या करारावर सही करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी शांतपणे नकार दिला. अधिकारी संतापला, त्याने गोळी घालण्याची धमकी दिली. या वेळी भीती वाटली नाही. ज्या तुरुंगात देवाला शरण न गेलेला माणूस माणसाला शरण गेला होता, त्याच तुरुंगात देवाला शरण गेलेला माणूस ताठ उभा राहिला. ‘देवाची इच्छा’ म्हणून हात जोडून गप्प बसावे, असे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

आता या पुस्तकाशी माझे जे भांडण आहे, तेही मांडले पाहिजे. उरलच्या वखारीवर असताना दोघे धर्मगुरू निराश झाले होते. देवाचे नाव काढावयास कुणी तयार नव्हते. एवढा धोका पत्करून आलो ते कशासाठी, परत फिरावे काय, असा प्रश्न पडला होता. तेव्हा त्यांना उमगले, की देवाची इच्छा कुठेतरी दूर दडलेली नाही. आजचा दिवस, समोर आलेली माणसे, हेच काम, हीच परिस्थिती म्हणजे देवाची आपल्यासाठीची इच्छा. पुढे संपूर्ण पुस्तकभर हा सिद्धान्त पुनःपुन्हा येतो. त्याची परंपरा मोठी आहे. अठराव्या शतकातील येशूसंघी फादर द कोसाद यांच्या नावावर असलेल्या आणि १८६१ साली प्रथम छापल्या गेलेल्या ईश्वरी योजनेविषयीच्या ग्रंथात वर्तमान क्षणालाच साक्रामेंत मानले आहे. नॅन्सीच्या मठातील धर्मभगिनींना हा उपदेश योग्यच होता. पण मठातील भांडी घासणे आणि स्तालिनच्या छावणीतील सक्तमजुरी एकाच मापाने मोजता येतील काय? परिस्थितीच जर देवाची इच्छा, तर काटेरी तारा देवाने लावल्या असे होईल. कुणा गरिबाच्या जमिनीवर धनदांडग्याने कुंपण घातले, तर तीही देवाचीच इच्छा? या तर्काने आपण पुन्हा ‘मर्जी’पाशी येऊन पोहोचतो.

ख्रिस्तसभेच्या धर्मविचारात यावर जुना खुलासा आहे. देव ज्याची इच्छा करतो ते आणि देव जे घडू देतो ते, यांत संत थॉमस अक्विनास यांनी भेद केला आहे. पाप हे दुसऱ्या वर्गात मोडते. फादर सिझेक हा भेद जाणत होतेच. पण पुस्तकाच्या ओघात ते तो वारंवार स्पष्ट करीत नाहीत आणि त्यामुळे काही परिच्छेद धोक्याच्या कडेने जातात. दुःखात असलेल्या वाचकाच्या हाती ते परिच्छेद सुटे पडले, तर त्याचा घात होऊ शकतो. शेजारच्या आळीतील त्या स्त्रीच्या हाती हे पुस्तक द्यावे, असे मला पहिल्या वर्षी वाटले नाही, त्याचे कारण हेच.

तरीही लेखकाची बाजू त्याच्या सिद्धान्तापेक्षा त्याच्या वर्तनाने अधिक भक्कम होते. छावणीतील परिस्थिती देवाने आपल्याला दिली, असे मानणारा हा माणूस छावणीचे नियम सर्रास मोडत होता. मिस्सा करणे तेथे गुन्हा होता. तो मिस्सा करीत होता. मनुके भिजवून द्राक्षरस काढावयाचा, पेल्याऐवजी एखादा लहानसा प्याला, वेदीऐवजी जे मिळेल ते. कधी बराकीच्या कोपऱ्यात, कधी बाहेर कामाच्या जागी, सहकारी पहारा देत असताना. त्या काळच्या नियमाप्रमाणे ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी मध्यरात्रीपासून उपवास करावा लागे. अपुऱ्या अन्नावर दिवसभर राबणारी माणसे सकाळची भाकरी बाजूला ठेवीत आणि संधी मिळेपर्यंत उपाशी राहत. आमच्या धर्मग्रामात रविवारची मिस्सा पाच मिनिटे लांबली, की मागच्या बाकांवर घड्याळे पाहिली जातात. त्यांत माझेही घड्याळ असते. हे प्रकरण वाचल्यानंतरच्या रविवारी मी ते घरी ठेवून गेलो. पुढच्या रविवारी पुन्हा हातावर बांधले, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

म्हणजे समोरची परिस्थिती ही देवाची इच्छा, याचा त्यांच्या आयुष्यातील अर्थ ‘जे आहे ते बरोबर आहे’ असा नव्हता. ‘देव मला येथे भेटेल, दुसरीकडे नाही, आणि त्याला माझ्याकडून काही हवे असेल, तर ते येथेच हवे आहे’ असा होता. अन्याय करणारा अन्यायच करीत असतो. पण त्या अन्यायाच्या आत सापडलेल्या माणसाला देवाने टाकलेले नसते. हा फरक त्यांनी एका वाक्यात मांडला असता, तर माझ्यासारख्या वाचकाचे श्रम वाचले असते. परंतु जगून दाखविलेली गोष्ट मांडताना माणसे बहुधा कमी पडतात.

कामाविषयीच्या प्रकरणातही असाच एक पेच आहे. इतर कैदी मुद्दाम कामचुकारपणा करीत. ज्या सत्तेने आपल्याला कोंडले, तिच्यासाठी घाम का गाळावा, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. फादर सिझेक मात्र हातातले काम मन लावून करीत आणि त्यावरून सोबत्यांशी त्यांचे वाद होत. त्यांचे म्हणणे असे, की काम हे सत्तेचे नव्हे, माणसाचे असते. प्रभूनेही नाझरेथला सुतारकाम केले. मला हे पूर्णपणे पटलेले नाही. सक्तीच्या श्रमात प्रतिष्ठा शोधणे हा एखाद्या संतवृत्तीच्या माणसाचा अधिकार असू शकेल. तो इतरांवर लादता येणार नाही. एवढे मात्र खरे, की लेखक वाद जिंकल्याचा आव आणत नाही. सोबत्यांचे म्हणणे तो जसेच्या तसे नोंदवतो.

उलट, शरीराविषयीचे छोटे प्रकरण मला फार आवडले. अध्यात्माच्या पुस्तकांत शरीराला सहसा शिव्याच खाव्या लागतात. लहानपणी आणि नवशिष्यालयात स्वतःच्या देहाला मुद्दाम शिणवणारा हा माणूस सायबेरियात त्याच देहाकडे कृतज्ञतेने पाहू लागतो. थंडी त्याने सोसली, भूक त्याने सोसली, मन खचले तेव्हाही तो चालत राहिला. येथे समर्पणाची कल्पना हवेत न राहता हाडामांसावर येते. प्रार्थनेच्या बाबतीतही तसेच. एकांतकोठडीतील आपल्या प्रार्थनेचे त्यांनी जे वर्णन केले आहे, त्यात दिव्य साक्षात्कार नाहीत. सकाळचे अर्पण, क्रेमलिनच्या घड्याळाचे ठोके ऐकून केलेली देवदूताची प्रार्थना, पाठ असलेली मिस्सा, लॅटिन, पोलिश आणि रशियन भाषांत आळीपाळीने केलेली रोझरी, रात्रीचे आत्मपरीक्षण. दिवसाचे वेळापत्रक त्यांनी स्वतःच घातले आणि स्वतःच पाळले. आपल्या आज्या-आयांनी चुलीपाशी बसून पाळलेल्या वेळापत्रकाहून ते फारसे निराळे नाही.

साहित्यकृती म्हणून तुलना करावयाची झाली, तर पहिले पुस्तक निःसंशय सरस आहे. दुसऱ्यात प्रवचनाचा सूर बराच आहे. प्रत्येक प्रकरणाला विषय आहे आणि विषयाला शिकवण आहे. नम्रता, श्रद्धा, मृत्यूचे भय, स्वातंत्र्य अशी मथळ्यांची मालिकाच आहे. पहिल्या पुस्तकात ठसठशीत उमटलेली माणसे येथे पुसट होतात. एखादा सोबती येतो तो लेखकाला काही शिकविण्यापुरता आणि मग नाहीसा होतो. त्या माणसाचे पुढे काय झाले, असा प्रश्न मला वाचताना अनेकदा पडला. स्वतःच्या आत्म्याचा हिशेब मांडताना शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे दुर्लक्ष होणे, हा आध्यात्मिक आत्मकथनांचा जुनाच दोष आहे; संत तेरेजाच्या ‘एका आत्म्याची कथा’ या लाडक्या पुस्तकातही तो अधूनमधून जाणवतो, असे म्हटल्यास भाविक वाचकांनी राग मानू नये.

पण पहिले पुस्तक जे करू शकत नाही, ते दुसरे करते. ते आपल्या लेखकाला वीरपुरुष होऊ देत नाही. पहिल्या पुस्तकाचा नायक सगळ्यांतून बाहेर पडतो आणि आपण त्याला टाळ्या देतो. दुसऱ्या पुस्तकाचा नायक सही करून बसला आहे, आणि त्याला टाळ्या देता येत नाहीत. त्याच्या शेजारी बसावे लागते. आपल्या ख्रिस्ती साहित्यात संतांची चरित्रे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या पद्धतीची. जन्म, सद्गुण, छळ, विजय. ज्याने कुठेतरी सही केली आहे, अशा माणसाने ती चरित्रे वाचून काय करावे? आणि आपल्यापैकी सही केली नाही असा कोण आहे? कुणी भावाविरुद्ध खोट्या साक्षीवर केली, कुणी गप्प राहून केली.

त्या तरुण स्त्रीची आणि माझी अलीकडे ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्यांवर पुन्हा गाठ पडली. मुले मोठी झाली आहेत, ती स्वतः कामाला जाते. बोलता बोलता मी त्या दिवशीच्या माझ्या वाक्याबद्दल तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “काका, तुम्ही एकटेच नव्हता, सगळेच म्हणत होते. मी मात्र देवाशी दोन वर्षे भांडले. रोज मिस्सेला यायचे आणि भांडायचे.” ती भांडावयासाठी का होईना, रोज चालत येत होती, हे ऐकून मी तिला या पुस्तकाविषयी सांगितले. दोन्हींपैकी कोणते आधी वाचू, असे तिने विचारले. मी पहिले म्हटले. लेखक कोणत्या थंडीत उभा होता, हे ठाऊक नसेल, तर दुसऱ्या पुस्तकातील शब्द स्वस्त वाटण्याची भीती असते. शिवाय पहिल्याचा शेवट अविस्मरणीय आहे : मॉस्कोहून विमान उचलले जाते, तेवीस वर्षे ज्या भूमीने त्यांना राबविले ती खाली पसरलेली दिसते, आणि फादर सिझेक खिडकीतून तिच्यावर सावकाश क्रुसाची खूण करतात.